पेटीतली चिठ्ठी आणि ई-मेलचं पत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणातल्या छोट्या व्यावसायिकांना वेबसाइट उभी करून देण्याचं काम मी करतो. आंबा, काजू, कोकम, घरगुती निवासाच्या खोल्या असे हे व्यवसाय. वेबसाइट सुरू झाली की महिन्या-दोन महिन्यांनी एक फोन ठरलेला असतो. "अहो, लोक येतात, फोटो बघतात आणि जातात. पुढे काय?" पुढे काय, याचं एक जुनं पण अजून चालणारं उत्तर म्हणजे ई-मेलने पाठवायचं वार्तापत्र. ते वाचणारी माणसं कशी जमवायची, याबद्दल आज बोलायचं आहे.

उदाहरण हापूसचं घेऊ. बागायतदार वर्षभर बागेत राबतो. थंडीत मोहोर येतो, फवारण्या होतात, राखण होते, आणि विक्री मात्र साधारण मार्च ते मे एवढ्यातच उरकायची. त्या अवधीत थेट गिऱ्हाईक मिळालं नाही तर पेटी वाशीच्या बाजारात जाते. तिथला भाव त्याच्या हाती नसतो. खर्च वजा होऊन आलेली पट्टी पाहायची एवढंच. थेट विकायचं तर गिऱ्हाइकाला वेळेवर कळलं पाहिजे. डिसेंबरात वेबसाइट पाहून गेलेला ठाण्याचा माणूस एप्रिलपर्यंत तुमचं नाव विसरलेला असतो. त्याचा ई-मेलचा पत्ता जवळ असेल, तर त्याला आठवण करून देता येते.

पत्ते मिळवण्याचा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे ते विकत घेणं. लाखभर पत्ते अमुक रुपयांत, असे देकार येत असतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. १९७८ साली अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना न विचारता संगणकाची जाहिरात पाठवली. लोक भडकले. तेव्हा लोक नुसते भडकू शकत होते. आज त्यांच्या हाताशी 'स्पॅम'चं बटण आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने आपले नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर पत्रं जीमेलवर धाडणाऱ्यांना एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय द्यावी लागते, आणि तक्रारींचं प्रमाण हजारी तीनच्या खाली ठेवावं लागतं. आपला बागायतदार एवढी पत्रं पाठवत नाही, हे खरं. पण चाळणी तीच आहे. अनोळखी लोकांनी बटण दाबलं की ओळखीच्या गिऱ्हाइकाला लिहिलेलं पत्रही कचऱ्यात जाऊन पडतं, आणि ते तुम्हाला कळतही नाही.

म्हणजे पत्ता माणसाने स्वतःहून दिलेला हवा. तो देईल कोण? ज्याने तुमचा आंबा खाल्ला आहे, तो सर्वांत आधी. म्हणून मी पेटीत एक चिठ्ठी घालायला सांगतो. "पुढच्या हंगामात पहिला आंबा उतरण्याआधी कळवू का? या पत्त्यावर नुसतं 'हो' असं लिहून पाठवा." एवढंच. कागदावर पत्ते लिहून घेण्यापेक्षा हे बरं, कारण हस्ताक्षरातलं एक अक्षर चुकलं की पत्र परत येतं. अशी परत येणारी पत्रं वाढली की पाठवणाऱ्याचीच पत जाते.

वेबसाइटवरही तसंच. 'आमच्या वार्तापत्रासाठी नोंदणी करा' असं लिहिलेली चौकट कोण भरेल? वार्तापत्र कोणाला हवं असतं? माणसाला आंबा हवा असतो. 'आंबा कधी उतरेल आणि भाव काय असेल, ते आधी तुम्हाला कळवू. वर्षाला दहा-बारा पत्रं, जास्त नाहीत,' असं लिहा. पत्ता आला की खात्रीचं एक पत्र जाऊ द्या आणि त्यातल्या दुव्यावर टिचकी मारल्यावरच नाव यादीत घ्या. यात काही नावं गळतात. गळू द्यावीत.

तिसरा मार्ग वाचणाऱ्यांच्या हातून जातो. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी जुलै १९९६ मध्ये हॉटमेल सुरू केलं, तेव्हा प्रत्येक पत्राच्या तळाशी फुकट ई-मेल घेण्याचं निमंत्रण जात असे. दीड वर्षात लाखो खाती झाली आणि मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. आपल्या पत्राच्या तळाशीही 'हे पत्र तुमच्या आंबेवेड्या नातेवाइकांना पुढे पाठवा' अशी एक ओळ असावी. न्यू जर्सीतला मुलगा पुण्यातल्या आई-वडिलांसाठी पेटी मागवतो, तो अशाच पुढे आलेल्या पत्रावरून.

पण पत्र पुढे पाठवावंसं वाटलं पाहिजे ना! इथे बहुतेकांची गाडी अडते. "आम्ही काय लिहिणार?" म्हणतात, आणि सवलतीच्या रंगीत जाहिराती पाठवतात. वास्तविक शहरातल्या गिऱ्हाइकाच्या मनात एकच धास्ती असते, हापूस म्हणून कर्नाटकातला आंबा तर गळ्यात मारत नाहीत ना? २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पेटीपुढे उभ्या असलेल्या माणसाची शंका जात नाही. ती शंका बागेतून आलेलं पत्र घालवतं. मोहोर कधी फुटला, तुडतुडे किती पडले, थंडी लांबल्याने फळ मागे पडलंय का, झेल्याने उतरवलेला चौदा आणे तयार आंबा घरी गवतात कसा पिकवायचा, हे लिहा. साक्याबद्दलही लिहा. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस आतून साक्याचा निघू शकतो आणि कापल्याशिवाय ते कळत नाही. असं फळ निघालं तर तुम्ही काय करणार, हे आधीच सांगणाऱ्यावर लोक भरवसा ठेवतात. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने पीक कमी आल्याचं सरळ लिहून टाकलं होतं. त्याच पत्राला सर्वांत जास्त उत्तरं आली, आणि ती भाव कमी करा म्हणणारी नव्हती.

व्हॉट्सअ‍ॅप असताना ई-मेल कशाला, असं कोणी विचारेल. पेटी निघाली, पोचली, हे कळवायला व्हॉट्सअ‍ॅपच चांगलं. परंतु तिथल्या एकगठ्ठा यादीतला निरोप तुमचा नंबर जतन केलेल्यालाच पोचतो, आणि लांब मजकूर सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. शिवाय फेसबुकसारख्या ठिकाणी तुमचा मजकूर कोणाला दाखवायचा, हे ती कंपनी ठरवते. पत्त्यांची यादी मात्र तुमच्या वहीत राहते.

काही बारीकसारीक गोष्टी. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असं पत्र कधीही पाठवू नका. त्यासाठीच्या सेवा आहेत. किती जणांनी पत्र उघडलं, या आकड्यावर विसंबू नका. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे न वाचलेलं पत्रही उघडलेलं दिसू शकतं. उत्तरं आणि मागण्या मोजा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं. तेव्हा नाव कमी करण्याचा दुवा तळाशी बारीक अक्षरात लपवू नका.

आणि हंगाम संपला की गप्प बसू नका. पाऊस सुरू झाल्यावर, जूनमध्ये, आंबा संपल्याचं पत्र पाठवा आणि त्यातच पुढच्या वर्षी साधारण किती पेट्या लागतील ते विचारा. आंब्याची चव तेव्हा जिभेवर असते, लोक खुशीने आकडा कळवतात.