बाळ दोघांचं, रात्रही दोघांची



मुलगी झाली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं. मी जेवले का, झोपले का, हे फक्त अम्मीने विचारलं. टाके दुखत होते, दर दोन तासांनी दूध पाजायचं, उगाच रडू यायचं. असं रडू बहुधा २ आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर तो आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. नजर काढत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

बाळंतिणीला ४० दिवसांपर्यंत नमाज माफ, मग भांडी-कपडे का नाहीत? सूरह बकरा दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकते. २०१७च्या दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. खासगी नोकरीतल्या बापासाठी मात्र तसा कायदा नाही. तो मागायला हवा. तोवर भावांनो, रात्रीचे लंगोट तरी तुम्ही बदला.