अल्ट्रा-वाइड लेन्स: दिवसासाठी की रात्रीसाठी?

"लँडस्केप आणि रात्रीचं आकाश, दोन्हींसाठी एकच अल्ट्रा-वाइड घ्यायची आहे, कोणती घेऊ?" हा प्रश्न नेहमी येतो. लेन्स महाग असते आणि एकदा घेतली की बरीच वर्षं तीच वापरायची असते. म्हणून आधी एक लक्षात घ्या: दिवस आणि रात्र लेन्सकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतात. तुमचं कोणतं काम जास्त, हे ठरलं की अर्धी निवड झाली.

आधी दिवसाचं बघू. फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्स आडवं साधारण ७४ अंश दाखवते, १४ मिमी १०४ अंश. पण जास्त मावतं म्हणजे प्रत्येक गोष्ट लहान होते. कोकणकड्यावरून १४ मिमीने समोरच्या रांगा टिपा; डोळ्यांना भव्य वाटलेले डोंगर फोटोत बारीक रेघ होऊन बसतात. या लेन्सला पुढ्यात काहीतरी लागतं.

बंगळुरूकरांनो, याचा सराव करायला लांब जायला नको. इथे बसवनगुडीत ब्यूगल रॉकवर या. ट्रायपॉड गुडघ्याच्या खाली आणा, खडकातली एखादी भेग दोन फुटांवर ठेवा. तीच भेग फोटोत ओढ्यासारखी मागे धावते. कॅमेरा जरा वर किंवा खाली कलला की झाडं नि इमारती तिरप्या होतात, तेही इथेच कळेल.

दिवसाची दुसरी गोष्ट म्हणजे फिल्टर. निकॉनची जुनी १४-२४ एफ/२.८ किंवा सॅमयांगची १४ मिमी एफ/२.८ घ्या, पुढची काच फुगीर आहे. साधा गोल फिल्टर बसत नाही. निकॉन झेड १४-३० एफ/४ वर मात्र ८२ मिमीचा फिल्टर सरळ बसतो. धबधब्यासाठी एनडी वापरणाऱ्यांना हे मोलाचं. पोलरायझर मात्र इतक्या रुंद लेन्सवर जपून वापरा. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाशच तो सर्वांत गडद करतो, त्यामुळे निळ्या आकाशात मधेच काळपट पट्टा दिसतो.

आता रात्र. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. ढोबळ नियम असा: ५०० ला फोकल लेंग्थने भागा, तेवढे सेकंद. १४ मिमीला सुमारे ३५, २४ मिमीला २०. क्रॉप कॅमेरा असेल तर फोकल लेंग्थ आधी दीडने गुणा, कॅननला १.६ ने. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांवर याहून कमीच ठेवा.

मग १४ मिमीच बरी, असं वाटेल. थांबा. ताऱ्याचा प्रकाश किती गोळा होणार हे लेन्सच्या प्रत्यक्ष भोकावर ठरतं. फोकल लेंग्थला एफ-नंबरने भागलं की ते मिळतं. १४ मिमी एफ/२.८ चं भोक ५ मिमी. २४ मिमी एफ/१.८ चं १३ मिमीहून जास्त. वेळ कमी मिळूनही २४ मिमी प्रत्येक ताऱ्याचा सुमारे चौपट प्रकाश गोळा करते. रुंदी कमी पडली तर चार-पाच फोटो जोडून पॅनोरमा करता येतो. न आलेला प्रकाश मात्र नंतर आणता येत नाही.

तर निवड अशी. ट्रेक आणि दिवसाचे फोटो जास्त असतील तर फिल्टर बसणारी, हलकी एफ/४ झूम. तारे जास्त असतील तर २० किंवा २४ मिमी एफ/१.८ प्राइम. दोन्ही सारखंच आणि वजन चालत असेल तर एफ/२.८ झूम. बजेट कमी असेल तर मॅन्युअल १४ मिमी एफ/२.८, रात्री फोकस तसाही हातानेच करायचा असतो.

विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणा. शहरात आकाशगंगा दिसत नाही, पण चाचणीला एक ठळक तारा पुरतो. अॅपर्चर पूर्ण उघडा, तारा फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत ठेवून बघा. त्याला पंख फुटले तर तो कोमा. एकाच कोपऱ्यात बिघाड दिसला तर ती लेन्स परत करा, दुसरी मागा.

आकाशगंगेचा गाभा फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे आग्नेयेला दिसतो. अमावास्येच्या आसपासच्या रात्री धरा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ही मान्यता मिळाली आहे, तिकडे जायचा बेत आखता येईल. पण त्याआधी ब्यूगल रॉकवरचे तुमचे दोन फोटो कमेंटमध्ये टाका: एक उभ्याने काढलेला, एक गुडघ्याखालून. पुढच्या भागात त्यावरच बोलू.