रंकाळ्याची फेरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला ‘चालण्याचे फायदे’ हा विषय दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे झपझप चालण्याइतका व्यायाम करावा. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, अशी ती चाल. माझे फायदे संपले. आता रंकाळ्याबद्दल बोलते.

पाहुणे आले की आपण अंबाबाईचे दर्शन घडवून त्यांना रंकाळ्यावर नेतो. भेळ खातो आणि परततो. मुले पद्माराजे उद्यानात खेळतात, आपण बाकावर पिशव्या राखत बसतो. नुसता काठ धरून चाललेल्या आपल्यात कितीजणी निघतील? वाट सोपी आहे, चढण नाही, दम लागला तर कट्टा आहेच. उत्तरेच्या काठाला शालिनी पॅलेस दिसतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की संध्यामठ उघडा पडतो आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्यात जातो. मला तर तो पाहण्यासाठीच जावेसे वाटते.

रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तो गव्हाभर पुढे सरकतो, तांदळाभर मागे येतो, आणि तळ्याला पोचला की प्रलय! नव्या बाईने त्याचीच चाल धरावी. पहिल्याच दिवशी पुरी फेरी नको. टॉवरपासून उद्यानापर्यंत जावे, परत यावे. कोरी कोल्हापुरी चप्पल घालून मात्र येऊ नये, ती चावते.

माझ्या जाऊबाईंना वर्षानुवर्षे तळ्यावर जायचे होते. ‘सकाळी डबे कोण करणार?’ एवढ्यावर विषय मिटे. परवा डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगून चिठ्ठीवर ‘रोज चालणे’ लिहिले, तेव्हा घरच्यांनीच त्यांना बूट आणून दिले. डबे आता मुलगा भरतो, बरे भरतो. मला त्या चिठ्ठीचा राग आला. दुखणे जडल्याशिवाय बाईने अर्धा तास मोकळी हवा खाऊ नये काय? पुरुषमंडळी कट्ट्यावर तासन्‌तास बसतात, त्यांच्याकडे कुणी चिठ्ठी मागत नाही.

म्हणून आपण चौघी-पाचजणींनी मिळून जावे. एकटीला लोक ‘कुठे निघालात?’ विचारतात, घोळक्याला विचारत नाहीत. भाजीची पिशवी कुणी आणू नये, नाहीतर पाय मंडईकडे वळतील. उद्या पहाटे साडेपाचला मी टॉवरपाशी उभी राहीन. सहापर्यंत वाट पाहीन.