हातांतील खेळ : कोणास कोणतें यंत्र ?

जुन्नर तालुक्यांतील निमगाव सावा हें शेतकऱ्यांचें गांव. या तालुक्यांत उसाच्या शेतांतून बिबट्याचा वावर असल्यामुळें दिवेलागण झाल्यावर मुलांना अंगणांत खेळूं देण्यास आईबाप धजत नाहींत. विटीदांडूचें राज्य सूर्यास्ताबरोबर संपतें आणि मुलांचे हात मोबाइलकडे वळतात. अशा घरांत हातांत धरून खेळावयाचें व्हिडिओ गेमचें यंत्र घेण्याची गोष्ट निघाली, म्हणजे ती निव्वळ चैनीची बाब राहत नाहीं. कांद्याच्या पट्टींतून बाजूस काढलेले हजारों रुपये सार्थकीं लागावयाचे कीं कपाटांत धूळ खात पडावयाचे, हें त्या निवडीवर अवलंबून असतें.

निवड करतांना यंत्र किती बलवान आहे, हेंच बहुधा प्रथम पाहिलें जातें. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. १९८९ सालीं जपानच्या निंटेंडो कंपनीनें 'गेम बॉय' हें यंत्र काढलें. त्याचा पडदा हिरवट करडा, आणि त्यास स्वतःचा उजेडही नव्हता. परंतु चार पेन्सिल सेलांवर तें पंधरा तास सहज चाले. पुढल्याच वर्षीं सेगा कंपनीचें 'गेम गिअर' आलें. त्याचा पडदा रंगीत व उजळ. पण सहा सेल तीन ते पांच तासांत संपत. 'गेम बॉय' व त्याची पुढील रंगीत आवृत्ति मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रें खपलीं. 'गेम गिअर' एक कोटीच्या आसपास राहिलें. किंमत व खेळांची विपुलता हींही कारणें होतींच. 'गेम बॉय'च्या निर्मितीमागील गुनपेई योकोई यांचें धोरणच असें होतें कीं, जुनें, स्वस्त व पूर्ण परिचयाचें तंत्र नव्या रीतीनें वापरावें.

तीच कसोटी आज लावून पाहावी. एकटें खेळणारें लहान मूल असेल, तर २०१९ सालचें 'स्विच लाइट' त्याच्या हातास शोभतें. वजन सुमारें २७५ ग्रॅम. त्याचे भाग सुटे होत नाहींत. मात्र तें टेलिव्हिजनला जोडतां येत नाहीं. घरांत दोन भावंडें असतील, तर २०१७ सालचें मूळ 'स्विच' अधिक बरें. त्याच्या दोन्ही बाजूंच्या मुठी सुट्या होतात, आणि पुष्कळ खेळांत प्रत्येकास एकेक देऊन भांडण मिटवितां येतें. ज्या तरुणानें संगणकावरील खेळ आधींच 'स्टीम' या दुकानांतून घेतले आहेत, त्यास २०२२ सालचें 'स्टीम डेक' उपयोगी. पण तें साडेसहाशे ग्रॅमच्या घरांत जातें आणि भारी खेळ लावल्यास दोनेक तासांत त्याची बॅटरी उतरते. २०२३ सालच्या 'प्लेस्टेशन पोर्टल'मध्यें तर खेळ चालतच नाहीं. तो दुसरीकडे चालतो आणि नेटवरून पडद्यावर येतो. जेथें नेटचा ओघ खंडित होतो किंवा वीज वारंवार जाते, तेथें तें घेऊन पस्तावण्याची वेळ येईल. आणि दुपारीं घटकाभर बुद्धिबळ खेळणाऱ्या आजोबांस यांपैकीं कांहींच नको. हातचा मोबाइल पुरेसा आहे.

एक व्यवहाराची सूचना. निंटेंडोचीं यंत्रें आपल्याकडे बहुधा परदेशांतून माल आणणाऱ्या विक्रेत्यांकडून मिळतात. म्हणून दुरुस्ती कोण करील व हमी कोणाची, हें पैसे मोजण्यापूर्वीं लिहून घ्यावें.

सारांश, जाहिरात वाचण्याआधीं घरांतील माणसें पाहावीं. एक आठवडाभर कोण, कोणाबरोबर, किती वेळ व कोणत्या जागीं खेळतो, याचें टिपण ठेवावें. पुष्कळ घरांत त्या टिपणावरूनच योग्य यंत्र ठरेल. आणि कांहीं घरांत, यंत्र घेण्याची आवश्यकताच नाहीं, असेंही दिसून येईल. हें दुसरें उत्तर निघालें, तरी आठवडा वायां गेला असें कोणीं मानूं नये.