पाण्याचा पक्षी, कोरडी गादी
(जिल्हा बैठकीतल्या भाषणावरून)



पावसाळ्यात निंदणाला जाणाऱ्या बायांच्या पायांना चिखल्या होतात, हे इथं कुणाला सांगायला नको. दिवसभर पाय ओल्यात राहिले की बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, मग फाटते, मग पाऊल टेकवत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते बदकाच्या पिल्लाच्या चिखल्यांबद्दल. हसू नका. ज्या घरानं पिल्लांत पैसे घातले, त्या घराला हा विषय हसण्यासारखा राहत नाही.

बदक हा आपल्या भागाचा पक्षी नव्हे. केरळात कुट्टनाडच्या भातखाचरांतून बदकांचे कळप फिरतात, तिथं चिखल आहे, पाणी आहे. आपल्या वर्ध्याला कपाशी, तूर, ज्वारी आणि विहिरीचा तळ दाखवणारा उन्हाळा. पण २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. काही शेतांत पाणी दिसू लागलं, आणि पाणी दिसलं की कुणीतरी बदकं सुचवतोच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कापसाच्या भावाचं दुखणं बदकांनी बरं होणार नाही. जोडधंदा करा म्हणणाऱ्याला मूळ धंदा तोट्यात का, हे विचारायचं आपण सोडणार नाही. पण घरच्या बाईनं धीर करून पिल्लं आणली असतील, तर ती उभी राहिली पाहिजेत.

आम्ही स्वतः फसलो. शेतकीची पदवी गाठीला, तरी फसलो. चाळीस पिल्लं आणली. बदक पाण्याचं म्हणून पिल्लांच्या खोक्यात परात भरून पाणी ठेवलं. खाली वर्तमानपत्र, वर बल्ब, खायला घरच्या ज्वारीची भरड. पंधरा दिवसांत अकरा पिल्लं बसली ती उठेनात. आम्ही रोगाचं औषध शोधत फिरलो. रोग नव्हताच. एक चूक जमिनीची होती, दुसरी खाण्याची. दोन्ही आमच्याच.

आधी जमिनीचं बघू. ब्रूडर म्हणजे आईविना पिल्लांची उबेची जागा. पहिल्या आठवड्यात तिथं साधारण ३२ अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करायची. त्यासाठी जुना पिवळा बल्ब हवा. एलईडीचा बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. हे बहुतेकांना माहीत असतं. पायाखाली काय आहे, ते मात्र कुणी बघत नाही.

वर्तमानपत्रावर पिल्लाचा पाय घसरतो. दोनचार दिवस घसरत राहिला की दोन्ही पाय बाजूला फाकतात आणि पिल्लू पोटावर सरपटतं. म्हणून पहिले चार दिवस खाली स्वच्छ गोणपाट अंथरा. सुटे धागे कापून टाका, नाहीतर ते बोटांना गुंडाळतात. पाय फाकलेलं पिल्लू लवकर दिसलं, तर मऊ चिंधीनं दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर सैल बांधून दोनतीन दिवस ठेवा. बरीच सुधारतात.

पाचव्या दिवसापासून दोनतीन इंच जाडीची गादी करा. भाताचं तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा चांगला. सोयाबीनचं कुटार घरचं आणि फुकटचं असतं, पण ते टोचतं, ओलं झालं की बुरशी धरतं. कोवळ्या तळव्याला टोचलं, तिथून घाण आत गेली, की माणसाच्या कुरूपासारखी गाठ धरते.

गादी ओली करतं ते पाणी. बदकाच्या पिल्लाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवता आली पाहिजे, एवढं खोल पाणी हवंच. पण त्यात अंग शिरता कामा नये. म्हणून अरुंद तोंडाचं भांडं घ्या. ते गादीवर ठेवू नका. कोपऱ्यात अर्ध्या इंची जाळी टाका, जाळीखाली पसरट टोपलं ठेवा, भांडं जाळीवर ठेवा. सांडलेलं पाणी खाली जातं, गादी कोरडी राहते. सगळ्या ब्रूडरमध्ये याहून मोठी युक्ती नाही.

रोज सकाळी गादीची मूठ आवळून बघा. मूठ उघडल्यावर भुसा सुटा झाला तर ठीक. लाडू राहिला तर तेवढा भाग काढून नवा टाका. खाली वाकून पिल्लाच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर पिल्लाचेही चुरचुरतात आणि पायही भाजतात. ओल शोषायला चुलीची राख मात्र टाकू नका. ओल्या राखेचा खार होतो आणि कातडी सोलतो.

आता खाण्याचं. ज्वारी आपलं पीक आहे, तिची बदनामी आम्ही करणार नाही. पण १९६० साली हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकंटिया यांनी ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब माणसांतल्या पेलाग्रा रोगाचा अभ्यास मांडला. तो रोग नायसिन या ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. माणसाला नुसती भाकर पुरत नाही, जोडीला वरण लागतं, हे आपल्या आयांना आधीच ठाऊक होतं. बदकाच्या पिल्लाचं तेच आहे, उलट जास्त. लेगहॉर्न कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यात साधारण २७ मिलिग्रॅम नायसिन पुरतं, बदकाच्या पिल्लाला ५५ लागतं, म्हणजे दुप्पट. ते कमी पडलं की पायाचा सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू चालायचं टाळतं. आमची अकरा पिल्लं अशीच बसली.

उपाय महाग नाही. नुसत्या भरडीऐवजी पिल्लांचं तयार खाद्य द्या आणि पशुवैद्यकाला विचारून नायसिन असलेलं बी-कॉम्प्लेक्स मापानं पाण्यात घाला. सुकट, गव्हाचा कोंडा यांची मदत होते, पण भरवसा मापाच्या औषधावर ठेवा.

शेंगदाण्याच्या ढेपेत नायसिन भरपूर, म्हणून कुणी ती सुचवेल. सावध राहा. त्याच १९६० साली इंग्लंडात बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या ढेपेनं लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, बदकाची पिल्लंही मेली. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन, आणि ते सोसण्यात बदकाचं पिल्लू फार नाजूक. पाय जांभळट होतात, पिल्लू लंगडतं आणि मरतं. परतीच्या पावसात काळी पडलेली ज्वारीही याच कारणानं पिल्लांपुढं टाकू नका. जी ज्वारी व्यापारी घेत नाही, ती पिल्लाला खपेल असं समजू नका.

शेवटचं. आठवड्यातून एक दिवस ठरवा. प्रत्येक पिल्लू उचला, तळवा उलटा करून बघा. काळी खपली दिसली तर कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, पुसून कोरडं करा, आयोडीनचं औषध लावा, ताज्या गादीवर वेगळं ठेवा. गाठ घरी चिरू नका. सांधा गरम लागला तर पशुवैद्यकाकडं न्या. तीनचार आठवडे होईपर्यंत पिल्लं शेततळ्यात सोडू नका. पोरक्या पिल्लाच्या पिसांना आईचं तेल लागलेलं नसतं, ते भिजून गारठतं, आणि तळ्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवरून त्याला वर चढता येत नाही.

आणि वहीत लिहा. किती आणली, किती लंगडली, किती गेली, तूस केवढ्याचं, खाद्य केवढ्याचं. शेजारणीला अंड्यांचा हिशेब सांगाल तेव्हा लंगड्या पिल्लांचाही सांगा. आमची अकरा आम्ही आज सांगितली, ती यासाठीच.