टंकलेखन यंत्राचे, कान माणसाचा



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टराने मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनवर बोलावे, हे आपणांस आडवळणाचे वाटेल. पण हा विषय ऐकण्याचा आणि ऐकलेले नेमके लिहिण्याचा आहे. त्या अर्थाने तो आपल्या अंगणातलाच आहे.

आपल्या बेळगावात आणि आसपास एखाद्या घरची मुलगी, सून किंवा भाचा या कामात होता किंवा आहे. अमेरिकेतील डॉक्टर रुग्ण तपासून झाल्यावर निरीक्षणे बोलून ठेवतो. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस असतो. कानाला हेडफोन, पायाखाली आवाज मागेपुढे करणारे पेडल, बोटांखाली कीबोर्ड. तिकडचा डॉक्टर सकाळी दवाखान्यात येईपर्यंत मजकूर तयार. १९९०च्या दशकात हा व्यवसाय भारतात रुजला. शिकलेल्या, पण गाव सोडणे शक्य नसलेल्या अनेक मुलामुलींना त्याने स्वतःच्या कमाईची वाट दाखवली.

आता ती वाट अरुंद होत चालली आहे. बोलणे यंत्राने टिपावे ही कल्पना जुनीच. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग मांडताना श्रुतलेखनाला पहिले स्थान दिले. पण आवाज साठवणे वेगळे आणि त्याचा मजकूर करणे वेगळे. अमेरिकेत २००९च्या कायद्याने रुग्णांच्या संगणकीय नोंदींना चालना दिली, आवाज ओळखणारी सॉफ्टवेअर सुधारत गेली आणि २०२२ साली मायक्रोसॉफ्टने या क्षेत्रातील न्यूआन्स ही कंपनी सुमारे १,९७० कोटी डॉलरना विकत घेतली. आता डॉक्टर-रुग्ण संवाद यंत्रच ऐकते आणि टिपणही तेच करते. मी आपणांस खोटा धीर देणार नाही. ओळींच्या हिशेबाने टंकलेखन करण्याचे काम पूर्वीसारखे परत येणार नाही.

मग राहते काय? राहते ती तपासणी.

२०२४ साली अमेरिकेतील संशोधकांनी व्हिस्पर या श्रुतलेखन प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १ टक्का ध्वनितुकड्यांत यंत्राने कोणी न बोललेली वाक्ये घातली होती, आणि अशा बनावट मजकुरांपैकी ३८ टक्के अपायकारक स्वरूपाचे होते. वाचादोष असलेल्या, बोलताना अधिक थांबणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे जास्त घडले. माणसाला ऐकू आले नाही तर तो जागा रिकामी सोडतो आणि डॉक्टरला विचारतो. यंत्र ती जागा भरून टाकू शकते, तीही शुद्ध, वळणदार भाषेत. ही चूक वाचताना डोळ्यांत भरत नाही. मूळ आवाज पुन्हा ऐकला तरच सापडते.

इथेच खरा पेच आहे. यंत्राचा मसुदा तपासण्याला टंकलेखनापेक्षा कमी दर मिळतो, कारण ‘काम तर झालेलेच आहे’ असे मानले जाते. पण आवाज पूर्ण ऐकायला तेवढाच वेळ लागतो. दर फार कमी केला की तपासणारा नुसता नजर फिरवतो. मग हायपोचे हायपर होते, फिफ्टीनचे फिफ्टी होते, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आता हीच यंत्रे आपल्या दवाखान्यांतही येऊ लागतील. आमचा रुग्ण कसा बोलतो पाहा. ‘पित्त झालंय’ म्हणजे आंबट ढेकर, उलटी, डोकेदुखी. ‘पित्त उठलंय’ म्हणजे अंगावर गांधी. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे पक्षाघात. ‘हातापायाला मुंग्या येतात’ यात मुंगी कुठेच नाही. ठणका, चमक, कळ, सणक ही चार वेगळी दुखणी आहेत. शिवाय आपल्याकडे मराठीत सुरू झालेले वाक्य कानडीत संपते. हे सारे ‘वेदना’ आणि ‘अस्वस्थता’ या दोन शब्दांत गुंडाळले गेले, तर निदानाचा धागाच तुटेल. हानेमान यांच्या १८१० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘ऑर्गेनॉन’मध्ये वैद्याने रुग्णाचे सांगणे त्याच्याच शब्दांत टिपावे, असा दंडक आहे. तो कोणत्याही पॅथीला लागू पडावा.

आमच्या दिगंबर परंपरेत एक कथा सांगतात. गिरनारच्या गुहेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांना आपल्याबरोबर श्रुतज्ञान लोपेल अशी काळजी वाटली. आलेल्या दोन मुनींची परीक्षा म्हणून त्यांनी दोन मंत्र दिले. एकात अक्षर अधिक, दुसऱ्यात उणे. साधनेनंतर देवता प्रकटल्या, पण एकीचे दात पुढे आलेले, दुसरीला एकच डोळा. देवता अशी विरूप नसते हे ओळखून दोघांनी मंत्रच तपासला आणि दुरुस्त केला. मगच आचार्यांनी त्यांना विद्या दिली. ते मुनी म्हणजे पुष्पदंत आणि भूतबली. त्यांचे षट्खंडागम लिहून पूर्ण झाल्याची आठवण आम्ही ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमी म्हणून साजरी करतो. साक्षात गुरूकडून आलेले अक्षरही तपासून घ्यावे लागते. मग यंत्राकडून आलेले का नको?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. या कामातील मुलामुलींनी टंकनाच्या वेगापेक्षा वैद्यकीय ज्ञान वाढवावे. शरीररचना, औषधे, तपासण्यांचे अर्थ. तपासनीस म्हणून ज्ञानाच्या बळावर उभे राहता येईल, आणि योग्य दर मागताना तेच बळ उपयोगी पडेल. दुसरे, आपल्यासारख्या संस्थांनी सीमाभागातील दुखण्याखुपण्याच्या शब्दांचा कोश करावा. घराघरांतल्या आजी अजून बोलत्या आहेत, तोवरच तो होईल. तिसरे आपणा सर्वांसाठी. डॉक्टरांनी संवाद ध्वनिमुद्रित केला, तर तो कुठे जातो हे विचारा आणि टिपण एकदा वाचून दाखवायला सांगा. विचारायला संकोच करू नका. मी तरी रागावणार नाही.

यंत्राने बोटांचे काम खुशाल घ्यावे. पण रुग्ण जे बोललाच नाही ते त्याच्या नावावर लिहिले जाऊ नये, एवढी राखण माणसालाच करावी लागेल, आणि त्या राखणीचे मोल द्यावे लागेल.