गुडघाभर पाण्यातले प्रदर्शन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘आधुनिक कला आणि स्त्री’ असा. विषय एवढा ऐसपैस आहे की त्याच्या एका टोकाला हात लागेपर्यंत मागे मांडलेला चहा निवून जाईल. तेव्हा मी त्यातला एकच कोपरा घेते. २०१७ च्या जानेवारीत आपल्या मंडळाच्या आम्ही अकराजणी कोचीला गेलो होतो, तिथल्या एका दालनाविषयी तेवढे सांगते. पुष्कळजणींनी तेव्हापासून विचारले आहे, “तिथं नुसतं पाणी होतं म्हणे. त्यात बघायचं काय?” प्रश्न रास्त आहे.

कोचीच्या त्या प्रदर्शनाला ‘बिएनाले’ म्हणतात. हा इटालियन शब्द. दर दोन वर्षांनी भरणारे, असा त्याचा अर्थ. व्हेनिस शहरात १८९५ पासून असे प्रदर्शन भरत आले. कोचीला ते प्रथम भरले १२ डिसेंबर २०१२ या दिवशी. आम्ही पाहिले ते तिसरे. त्याची मांडणी मुंबईचे कलावंत सुदर्शन शेट्टी यांनी केली होती आणि चित्रकार-शिल्पकारांच्या जोडीने त्यांनी कवींनाही बोलावले होते. मुख्य जागा म्हणजे फोर्ट कोचीतले अ‍ॅस्पिनवॉल हाउस. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याच्या कंपनीची ही वखार. मिरी, आले, हळद, खोबरेल, लाकूड असा व्यापार तिथून चाले. उंच छपरांच्या गोदामांची ओळ, आणि पलीकडे लगेच पाणी. आपल्याकडच्या जुन्या बंदरावरच्या वखारी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना फार सांगायला नको.

आता प्रदर्शन म्हटले की भिंतीवर चित्रे आणि समोर हात मागे बांधून उभे असलेले आपण, असे डोळ्यांपुढे येते. हल्लीच्या पुष्कळ कलाकृती तशा नसतात. त्यांच्या आत जावे लागते. हे ऐकून बावरून जायचे कारण नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात आपण शिल्पाच्या समोर असतो की पोटात? गाभाऱ्यात शिरताना उंबऱ्यापाशी अंधार होतो, पायांना गार दगड लागतो, समईच्या उजेडाला डोळे सरावायला थोडा वेळ जातो. दर्शनात हे सगळेच येते. जत्रेतला आरसेमहाल तर लहानपणी आपण पाहिलेला आहे. यायोई कुसामा या जपानी बाईंनी १९६५ मध्ये न्यूयॉर्कला आरशांची खोली मांडली आणि पुढे तशा अनेक केल्या. आज त्या खोल्यांपुढे एवढ्या रांगा लागतात की काही संग्रहालयांत आत मिनिटभरसुद्धा उभे राहू देत नाहीत. तिरुपतीच्या रांगेतल्यासारखे, पुढे चला, पुढे चला! लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००३ साली ओलाफुर एलियासन याने सुमारे २०० पिवळ्या दिव्यांचा सूर्य टांगला होता, छताला आरसे लावले होते, हवेत बारीक धुके सोडले होते. तिथे मात्र लोक जमिनीवर चक्क आडवे होऊन पडून राहत. थंडीतल्या लंडनात उन्हाला बसण्याची सोय झाली असावी! वीस लाखांवर माणसे येऊन गेली. हे मी वाचले आहे, पाहिलेले नाही. पाहिले ते कोचीचे, तिकडेच वळते.

त्या दालनाचे नाव ‘वेदनेचा समुद्र’. करणारा राउल सुरिता, चिली देशाचा कवी. एक लांबच लांब गोदाम, त्यात गुडघ्याला टेकेल इतके समुद्राचे पाणी भरलेले. उजेड मंद. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दूर दूर अंतरावर कापडी फलक, आणि त्यांवर थोड्या शब्दांचे प्रश्न: तुला ऐकू येते का, दिसते का, जाणवते का, अशा धर्तीचे. पलीकडच्या टोकाच्या भिंतीवर थोडा मोठा मजकूर. तो दारातून वाचता येत नाही. वाचायचा तर पाण्यातून चालत जावे लागते. बस, एवढेच. ना मूर्ती, ना चित्र, ना संगीत.

तो मजकूर गालिप कुर्दी या मुलासाठी होता. २ सप्टेंबर २०१५ रोजी सीरियातून परागंदा झालेले एक कुर्द कुटुंब तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून रबरी होडीतून जवळच्याच ग्रीक बेटाकडे निघाले. होडी उलटली. आई आणि दोन मुलगे बुडाले, बाप वाचला. धाकटा अ‍ॅलन वाळूवर पालथा पडलेला, लाल सदरा घातलेला, ते छायाचित्र तुम्ही आम्ही सर्वांनी पाहिले. जगभर ते छापले गेले. थोरला गालिप पाच वर्षांचा होता. त्याचे असे चित्र जगापुढे आले नाही, म्हणून त्याचे नावही कोणाच्या ध्यानात राहिले नाही. सुरिताने हे दालन केले ते या थोरल्यासाठी.

हे चिलीच्या माणसाला का सुचावे, याचे उत्तर त्याच्या आयुष्यात आहे. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कराने सत्ता बळकावली त्या दिवशीच हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी पकडला गेला. एका जहाजाच्या तळाशी शेकडो माणसांबरोबर त्याला कोंडून ठेवले, त्याचा छळ केला. तो सुटला. पण त्या राजवटीने मारलेल्या कितीतरी माणसांची प्रेते हेलिकॉप्टरमधून समुद्रात टाकण्यात आली. घरच्यांना ना देह मिळाला, ना ठावठिकाणा. पुढे १९९३ मध्ये या कवीने अटाकामाच्या वाळवंटात तीन किलोमीटरांहून लांब अक्षरे कोरवून घेतली, आकाशातूनच वाचता येतील अशी. समुद्रावर कोरता येत नाही. मला वाटते म्हणूनच त्याने समुद्र घरात आणला असेल. हा माझा तर्क, त्याचे म्हणणे नव्हे.

आता आम्ही आत काय केले ते सांगते. दाराशी चपला काढल्या. साड्या वर खोचल्या. अकराजणींचे मोबाइल एका कापडी पिशवीत घातले आणि एकीला पिशवी घेऊन पायरीवर बसवले. आम्ही परत आल्यावर तिला आत पाठवले. यात फार मोठा संयम होता असे समजू नका. पाण्यात पडला तर घरी काय सांगायचे, ही धास्ती! पण त्यामुळे आपोआप एक झाले, हात रिकामे राहिले. रिकाम्या हातांचे काय करावे ते पहिली दोन मिनिटे कळेना. कोणी पदर धरला, कोणी शेजारणीचे कोपर.

अशा ठिकाणी जाताना ‘मन रिकामे करा, विचार बाजूला ठेवा’ असा उपदेश हल्ली फार ऐकू येतो. तो करणाऱ्यांनी कधी घर चालवलेले नसावे. आपले मन एकाच वेळी चार चुलींवर असते. पाण्यात उभी असताना मला रत्नागिरीचा नळ आठवला, सासूबाईंची दुपारची गोळी आठवली, परतीच्या नेत्रावती एक्स्प्रेसचे जेवण सांगायचे राहिले हेही आठवले. ते विचार मी हाकलले नाहीत. येऊ दिले, आणि पाय पुढे टाकत राहिले. खाली जमीन निसरडी आहे का, साडीची किनार भिजली का, पाणी खारट आहे म्हणजे पाय धुवायला बाहेर नळ असेल का, हे सगळे मनात चाललेच होते. आणि माझे असे मत आहे की पाण्यात उभे राहून पाण्याची काळजी करणे म्हणजे तिथे हजर असणेच होय. पाण्याला वजन असते. ते मागे ओढते. घाईने चालू म्हटले तर चालता येत नाही, आणि आपण पाऊल टाकले की लाट पुढच्या बाईच्या पायावर जाऊन आपटते. हे कळायला कलेचे शिक्षण लागत नाही.

मध्यापर्यंत गेल्यावर आमचे बोलणे थांबले. कोणी गप्प केले नव्हते. मला त्या वेळी एक गोष्ट सुचली ती सांगते. आपण समाचाराला जातो तेव्हा काय करतो? तिथे करण्यासारखे काही नसते, पाहण्यासारखे त्याहून नसते. सतरंजीच्या कडेला बसायचे, कोणी बोलले तर ऐकायचे, पाणी दिले तर घ्यायचे. तिथे कोणी घड्याळाकडे पाहिले तर सगळ्यांच्या लक्षात येते. तास-अर्धा तास नुसते बसून यायचे, आणि ज्या घरी ते घडले त्या घराला तेवढ्याचाही आधार होतो. परक्या देशातल्या पाच वर्षांच्या मुलाच्या समाचाराला जायला आम्हाला कुठे सतरंजी होती? ती या कवीने अंथरली, असे मला वाटले.

तिथे तरुण मुलेमुली फोटोही काढत होती. त्यांना मी नावे ठेवणार नाही. एक मुलगी फोटो काढून आईला पाठवते आहे असे सांगत होती. कोणाची कळकळ कशातून बाहेर पडेल ते सांगता येत नाही. फक्त एवढे खरे की त्या दालनाच्या फोटोत काळोखी खोली आणि पाणी यांपलीकडे काही येत नाही. ज्या मुलाचे चित्र नाही त्याच्यासाठी केलेली जागा, तिचेही चित्र नीट निघत नाही.

त्याच आवारात स्लोव्हेनियाचा कवी अलेश श्तेगर याने माती-शेणाने लिंपलेला एक पिरॅमिड उभा केला होता. आत काळोखी बोळ, आणि त्यात देशोधडीला लागलेल्या कवींचे शब्द ऐकू येत. आमच्यापैकी दोघी दारातूनच परतल्या, एकीला श्वास कोंडल्यासारखे झाले. त्यात कमीपणा काही नाही. मला स्वतःला तो शेणाचा वास आजोळच्या सारवलेल्या पडवीचा वाटला आणि ऐकण्याकडे लक्ष थोडे कमीच राहिले.

परतताना लाँचमध्ये वाद झाला. आमच्यातल्या एका शिक्षिकाबाईंना ते दालन मुळीच पटले नव्हते. त्या म्हणाल्या, “बुडालेल्या मुलाच्या नावानं आपण तिकीट काढून पाण्यात चालायचं, आणि बाहेर येऊन नारळपाणी प्यायचं? ज्यांचं गेलं त्यांना याचा काय उपयोग?” दुसरी म्हणाली, “मग आपण बातमी वाचून चहा पीत होतो, ते बरं होतं का?” दोघींचे म्हणणे अजूनही मिटलेले नाही, त्या दोघी आज इथेच, शेजारी शेजारी बसल्या आहेत. शिक्षिकाबाईंचा प्रश्न खोटा नाही. दुःखाचे प्रदर्शन मांडणाऱ्याने तो स्वतःला विचारलाच पाहिजे. माझ्यापुरते मी एवढेच म्हणेन की त्या दालनात कोणी आम्हाला रडायला लावले नाही. करुण सूर नव्हते, मुलाची खेळणी नव्हती. रडवणे सोपे असते. ते त्याने टाळले होते.

हा वाद चालला असताना आमच्या एक वहिनी गप्प बसून होत्या. त्यांची परवानगी घेऊन हे सांगते आहे. दालनात सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या त्या याच. त्या चार वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांचे वडील मासेमारीला गेले, ते होडीसकट परत आले नाहीत. घरात त्यांचा एकही फोटो नाही. त्या काळी कोळीवाड्यात कोण फोटो काढून ठेवणार? आम्ही त्यांना वीस वर्षे ओळखतो. वडील लहानपणीच गेले एवढे माहीत होते, कसे गेले ते आम्ही कधी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते. लाँच निम्म्यावर आली तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, “पाणी ओळखीचं वाटलं गं.” मग त्या सांगू लागल्या. वडिलांचा आवाज बसका होता. पायाचा तळवा सपाट होता, त्यामुळे ओल्या वाळूवर त्यांचे पाऊल सगळ्या आळीला ओळखू येई. बांगडा भाजताना ते तिला काटे काढून देत. आई दर पौर्णिमेला किनाऱ्यावर जाई, तिला घेऊन. तिथे काय करायचे ते तिला कळत नसे, म्हणून ती शिंपले गोळा करी.

शिक्षिकाबाईंनी त्यांचा हात धरला होता. लाँच एर्नाकुलमच्या धक्क्याला लागली, लोक उतरले, आम्हीही उतरलो. पण वहिनींचे सांगणे संपले नव्हते, तेव्हा धक्क्यावरच कडेला सामान ठेवून आम्ही अकराहीजणी उभ्या राहिलो. गाडीला अजून वेळ होता.

पुढच्या सहलीचा विषय कार्यकारिणीपुढे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. साडी सुती असावी, आणि एक जास्तीचा पंचा जवळ ठेवावा.